तेलावरच्या विजेचे शेअर

आप्पा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि मी अजून तुम्हाला भिते. तुम्ही कधी हात उगारला नाहीत, आवाज चढवला नाहीत, तरी भिते. परवा आईनं एक गोष्ट सांगितली. म्हणून लिहायला बसले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गुडघे गेले म्हणून तुम्ही वायरमनची नोकरी मुदतीआधी सोडलीत आणि फंडाचे सगळे पैसे एका खाजगी वीज कंपनीच्या शेअरमध्ये घातलेत. आई कपाळाला हात लावून बसली. तुम्ही म्हणालात, "जन्मभर खांबावर चढलोय मी. लोकं एक टाइम उपाशी ऱ्हातील, पन बलब सोडनार न्हाईत." मुद्दल घरासाठी आणि वर जे सुटेल ते माझ्या पुण्याच्या कॉलेजला, हेही तुम्हीच ठरवलंत. भाव चढायला लागला तशी मी मनानं शेवगाव सोडून हॉस्टेलात राहायलाही गेले होते.

कंपनी तेलावर वीज करणार आहे हे तुम्हाला उशिरा कळलं. मग तुम्ही सकाळच्या बातम्यांना रेडिओला कान लावून बसायचात. कुठल्या तरी लांबच्या देशात तेल महागलं की आमच्या घरात तुमचा चहा गार व्हायचा. एके दिवशी आई भाकरी थापतेय, मी चुलीपाशी बसलेय, आणि तुम्ही कागद घेऊन दारात उभे. हात पुढे करता, पंजाची मागची बाजू वर. तार जिवंत आहे का ते पूर्वीचे वायरमन उलटा हात लावून बघायचे, कारण तळहात लावला तर मूठ मिटते आणि तार सुटत नाही. "उलटा हात लावून बघितलाय," तुम्ही म्हणता, "आता धरून बसायचं न्हाई. आजच नगरला जा, समदे इकून ये." विक्रीच्या फॉर्मवर तुम्ही घाईघाईनं सह्या केल्यात. तुम्हाला घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

नगरच्या शेअर एजंटनं मला दुकानात बसवलं, चहा मागवला. बाकावर एक गृहस्थ होते, ते हसून म्हणाले, "आज विकताय ताई? सरकारशी करार व्हायचाय. आठ दिवस थांबा, मग बघा भाव." मी तासभर बसले. पर्समध्ये कागदांवर हात होता, तो बाहेर काही निघाला नाही. मला घराचं काही पडलं नव्हतं आप्पा, मला पुणं दिसत होतं. तशीच एसटीनं परतले. घरी येऊन म्हटलं, "दुकान बंद होतं." तुम्ही म्हणालात, "बरं. उद्या मी जाईन."

दुसऱ्या दिवशी रेडिओवर तेल पुन्हा चढलं होतं. तुम्ही तसले गुडघे घेऊन नगरला गेलात आणि संध्याकाळी कागद तसेच परत आणलेत. "घ्यायला कुनी न्हाई," एवढंच बोललात. महिनाभरात त्यांची रद्दी झाली. तुम्ही जिनिंग मिलच्या गेटवर रखवालदार म्हणून उभे राहिलात, शेवटपर्यंत. मी शेवगावातच शिकले, पतसंस्थेत चिकटले. आणि रोज भ्याले, की त्या दिवशी एजंट काही बोलला नसला, तरी कधी बाजारात भेटून बोलला तर?

परवा आई भाजी निवडता निवडता म्हणाली, तुम्ही नगरला गेलात त्याच दिवशी एजंटनं तुम्हाला सांगितलं होतं, "काल तुमची मुलगी आली होती, तासभर बसून चहा पिऊन गेली." तुम्ही आईला बजावलंत, "पोरीला काय बोलू नको. ती आधीच भ्यालीय. तिचं ती सांगंल."

आता कळतं, आप्पा. त्यानंतर मी बँकेतून आले, पोस्टातून आले, रेशनवरून आले, की तुम्ही विचारायचात, "उघडं हुतं का गं?" मला वाटायचं, म्हाताऱ्याला सवय लागलीय. मी "हो" म्हणून आत निघून जायचे. किती वर्षं विचारलंत तुम्ही. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी औषधं घेऊन आले, तेव्हाही विचारलंत.

हे पत्र घडी करून गादीखाली घालणार आहे. आईच्या हाती लागेल याचीसुद्धा भीती वाटते, या वयात.

नगरचं उघडं होतं, आप्पा.