तू टीव्हीवर आलीस तो वाढदिवस

आई,

सकाळी रेडिओवर एक बाई सांगत होती, आज कुठल्या विनोदी नटाचा जन्मदिवस, कुठल्या नाटकाचा हजारावा प्रयोग आजच्याच तारखेला झाला. ऐकताना चहा गार झाला. आज तुझाही वाढदिवस. पण हे सांगायला घरात कोणी नाही. मुलगा परदेशात, हे जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

तुझा चाळिसावा आठवतो. जोगेश्वरीच्या चाळीतलं आपलं घर. संपानंतर बाबांची गिरणी बंदच राहिली आणि बाबांचं बोलणंही बंद झालं. तू साकीनाक्याच्या कारखान्यात प्लग जोडायचीस आणि तिथून आलीस की महिला मंडळात नाटुकली बसवायचीस. त्यातलं एक टीव्हीवाल्यांनी निवडलं. गावाहून आलेली सासू सुनेच्या प्रेशर कुकरला घाबरते, ती सासू तू. ते दाखवणार होते नेमकं तुझ्या वाढदिवसाला. बाबा एवढंच म्हणाले, "बायकांनी तोंडं वेडीवाकडी करायची आणि जगाने बघायची." तू भाकरी थापत राहिलीस.

चाळीत टीव्ही एकच, समोरच्या काकूंकडे. संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नाही. तू ठेवणीतली साडी नेसून मागे भिंतीला टेकून उभी आहेस, पदराचं टोक दातात. बाबा दारातच थांबलेत, चपला न काढता. पडद्यावर मंडळाचं नाव येतं आणि लाइट जाते. "वाट लागली!" काकू ओरडतात. कोणीतरी कंदील आणतं. बराच वेळ बसून बायका हळहळत उठायला लागतात. तेवढ्यात तू वाट काढत पुढे येतेस आणि बंद टीव्हीसमोर उभी राहतेस.

"बसा गो सगळी, खंय चललात? लाइट गेली, मी नाय गेलंय!"

मग सासू तूच, सूनही तूच, कुकरही तूच. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. बाबांनी आधी तोंडावर हात धरला, मग दाराची चौकट. संपानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. लाइट आली तेव्हा टीव्हीवर बातम्या चालू होत्या.

घरी आल्यावर ते म्हणाले, "शिट्टी झकास जमली हां." तू स्वयंपाकघरात ओटा पुसत होतीस, पुसलेलाच पुन्हा पुसत होतीस. मी विचारलं, "आई, रडतेस?"

"नाय गो. टीव्हीत माझा तोंड कसा दिसला, ता माकाच कळूक नाय."

ते नाटुकलं पुन्हा कधी दाखवलं नाही, तुला पुन्हा कोणी बोलावलंही नाही. पुढे तू आजारी पडलीस आणि मंडळही सुटलं.

आता कोणी भेटलं की मी सांगते, माझी आई लोकांना खूप हसवायची. ते कौतुकाने विचारतात, काय बोलायच्या? मी विषय बदलते. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुला सांगते. त्या संध्याकाळच्या नाटुकल्यातलं तुझं एकही वाक्य मला आठवत नाही गं. तू बोलत होतीस आणि मी सगळा वेळ बाबांकडेच बघत होते.