पिपलियातला अखंड तानपुरा

मु. पिपलिया, भोपाळपासून बैलगाडीच्या वाटेसारख्याच रस्त्यावर

तीर्थरूप दादास,

मनूचा साष्टांग नमस्कार. (वाकून होत नाही, गुडघे आडवे येतात, तेव्हा बसल्या जागेवरून गोड मानून घे. शिवाय मायन्यात तीर्थरूप लिहिलं की मान देऊन झाला. आता नेहमीसारखं अरे-तुरे.) तुझी शुगर काय म्हणते? सूनबाई भाजीत मीठ कमी घालते अशी तक्रार तू मागे फोनवर केलीस, ती ऐकून मला फार बरं वाटलं. तक्रारी करतोयस म्हणजे ठीक आहेस. कुसुमवहिनी गेली, तू नागपूरला मुलाकडे गेलास आणि पेटीला पुन्हा हात लावला नाहीस, याबद्दल मी या पत्रात अवाक्षर काढणार नाही. तू ‘आता पुरे’ म्हणालास, विषय संपला.

तर आपला संगीत सप्ताह. तुला आठवते ना तुमच्या क्वार्टरची पुढची खोली? पलंग उभा करून भिंतीला टेकवलेला, सोफा बाहेर गल्लीत (आणि त्यावर शेजारचे मिश्राजी पेपर वाचत, जसा काही त्यांच्यासाठीच काढलाय), आत वहिनी तानपुरा घेऊन, तू पेटीवर. प्लांटचा भोंगा वाजला की बी शिफ्टवाले भर यमनमध्ये डबा उचलून पावलं न वाजवता उठायचे आणि सुटलेले लोक ग्रीसचे हात पुसत त्यांच्याच जागेवर येऊन बसायचे. बाहेरगावचे गवई पहिल्या दिवशी रुसायचे, तिसऱ्या दिवशी भोंग्याच्या आत समेवर यायला शिकायचे. काय दिवस होते रे! आता सगळे रिटायर, क्वार्टर्स सुटली, आणि आमच्या इंद्रपुरीच्या फ्लॅटमध्ये पलंग उभा केला तर पंख्याला लागतो. यंदा कुठेच जागा मिळेना. यंदा बसला नाही तर सप्ताह कायमचा उठला, हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. शेवटी सुधाकरराव म्हणाले, माझ्या ओसरीवर करू. (तुझे फोरमन सुधाकरराव. या गावात शेत घेऊन घर बांधलंय. अजूनही मांडीवर ताल धरतात. स्वतःच्या, एवढंच नशीब.)

पहिल्या दिवशी समई लावली, इंदूरच्या वैजयंतीबाई पूरिया गायल्या. अख्खं गाव लेकराबाळांसकट येऊन बसलं होतं. गाणं संपलं, आम्ही पिठलं-भाताकडे वळलो, तर गाव काही उठेना! गावच्या पटेलांची म्हातारी आई, तिला सगळे अम्मा म्हणतात, तिनं विचारलं, “अब कौन बैठेगा?” म्हटलं, आता कुणी नाही, उद्या संध्याकाळी. झालं! सगळे असे बघायला लागले, जणू आम्ही देवाच्या ताटातलं उचललं. यांच्याकडे सात दिवसांच्या गाण्याला जोत लावली की सातव्या दिवसापर्यंत सूर थांबवायचा नसतो. मागे एकदा असंच रामायण मध्येच बंद पडलं आणि त्या साली गव्हावर गारा पडल्या म्हणे. आणि आता गहू कापणीला आलाय. अम्मा काही रागावली नाही, साधंच म्हणाली, “जोत जलाई है बाबूजी, तो निभानी पड़ेगी.” सुधाकररावांनी एकदा आपल्या शेताकडे पाहिलं. (गहू त्यांचाही उभा आहे.)

दुसरं कुणी असतं तर हातपाय गाळले असते. पण अरे, आपल्या लोकांचा जन्म शिफ्टमध्ये गेला! सुधाकररावांचा चेहरा असा उजळला की निरोपसमारंभानंतर मी तो तसा पाहिला नव्हता. लगेच पाळ्या ठरल्या: ए, बी, सी, अर्धी इंद्रपुरी, अर्धं पिपलिया. गाता येईल त्यानं गावं, नाही त्यानं तानपुरा छेडावा, पण सूर तुटू द्यायचा नाही. आज चौथा दिवस, तुटलेला नाही. गावची भजनी मंडळी तानपुऱ्यावर गातात, वैजयंतीबाई अम्माकडून लग्नातल्या गारी, म्हणजे व्याह्यांना द्यायची शिव्यांची गाणी, शिकतात (शब्द मी इथे लिहू शकत नाही, तुझ्या सूनबाईच्या हाती पत्र पडायचं). सुधाकररावांनी काल तराणा घेतला तेव्हा पटेलांच्या म्हशीनं पान्हा चोरला. त्यांचं म्हणणं, म्हैस भारावली.

नियम मात्र प्लांटचाच: रिलीव्हर येऊन बसल्याशिवाय जागा सोडायची नाही. त्या पावसात तुझा रिलीव्हर आला नाही म्हणून तू डबल ड्यूटी केलीस आणि वहिनी छत्री घेऊन डबा द्यायला गेटवर उभी राहिली, ती गोष्ट सुधाकररावांनी सगळ्या गावाला ऐकवली.

असो. आमचं उत्तम चाललंय, तुझ्यावाचून काही अडलेलं नाही. तब्येतीला जप, सूनबाईला आशीर्वाद आणि थोडं जास्त मीठ.

तुझी
मनू

ता. क. तानपुरा कुणाचा ते सांगायचं राहिलं. वहिनीचा. जाताना गवसणीत घालून माझ्या कपाटावर ठेवलास आणि कुणाला देऊ नकोस म्हणालास. मी दिला. शिव्या दे हव्या तर. अम्मा मांडीवर घेण्याआधी त्याला हात जोडते आणि म्हणते, “बहूजी का बाजा है.” दादा, चार दिवस तो वाजतोय. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू?

ता. क. दुसरा. शेवटच्या सकाळच्या भैरवीला पेटीवर सुधाकररावांनी तुझं नाव लावलंय. मी म्हटलं, तो येणार नाही. ते म्हणाले, गोपीनाथ ड्यूटी चुकवत नाही. आमचा सुभाष हे पत्र घेऊन येतोय, परतीची तिकिटं दोन काढली आहेत. पेटी इथे आहे, भाता मी तपासून घेतलाय.

ता. क. शेवटचा. तुझ्या आधीची पाळी माझी आहे. वहिनीचा तानपुरा घेऊन मी खाली सतरंजीवर बसणार आहे. माझे गुडघे तुला माहीत आहेत, आणि नियमही. रिलीव्हर आल्याशिवाय मी उठणार नाही.