कार्तिकच्या नावाची पुस्तकं

रोहणा, १२ नोव्हेंबर २००१

चर्चच्या साहेबांना जंगलूचा रामराम. तुमच्यात काय म्हणतात ते मला माहीत नाही. मी चौथी शिकलो आहे.

तुम्ही दर महिन्याला टपालाने येशूचं एक पुस्तक पाठवता. त्यावर माझ्या मुलाचं, कार्तिकचं नाव असतं. तीन वर्षांपूर्वी तो माझ्याशी भांडून गेला. परत येऊ नको, असं मीच म्हणालो होतो. पत्ता ठाऊक नाही. वाटलं, तो तुमच्याकडेच असेल आणि त्यानेच इथला पत्ता दिला असेल. म्हणून विचारायला लिहू लागलो, तर माझी बायको रामबाई म्हणाली, "नोका लिहू जी. बाजारात चर्चवाल्यायनं पुस्तकं मागवाचे कार्डं वाटले, मास्तरनं भरून देल्लं. नाव मीच सांगतलं."

"त्याचंच काऊन वं? तुयं सांगाचं."

"पोस्टमन दारात कार्तिक म्हनून हाक मारते, थे आयकाले पाह्यजे मले."

"अन् पुस्तक वाचते कोन?"

"तुमीच वाचता ना, चश्मा लावून!"

आता काही समजत नाही. कार्तिक इथे नाही हे खरं कळवलं तर पुस्तकं बंद होतील आणि ती रडेल. न कळवलं, आणि तो खरंच कधी तुमच्या दारी आला, तर तुम्ही म्हणाल, कार्तिक तर रोहण्यात घरी आहे, हा कोण? त्याला हाकलू नका. बाप आता रागावलेला नाही, एवढं सांगा. पण ते तुम्हाला कळायचं तर हे पत्र टाकावं लागेल, आणि माझा हात पेटीपर्यंत जात नाही.

कार्तिकचा बाप,
जंगलू