आधी तिचा घास

गुरुवार, ४ डिसेंबर २००३
मुरबाडच्या अलीकडे, नदीकाठी

निघालो एकदाचे. लग्नाला आज पाचवा दिवस, हातावरची मेंदी अजून लालभडक, आणि मी कसाऱ्याचा घाट उतरून एका नदीकाठी माझ्या घराच्या दारात पाय सोडून बसले आहे. घर म्हणजे मेटॅडोर. ह्यांनी (म्हणजे देवराम, पण नाव घेतलं की उखाणा घ्यावा लागतो, म्हणून इथून पुढे नुसतं ‘हे’) जुनी गाडी घेऊन आतून स्वतःच्या हाताने सजवली आहे. एरवी गुलाब आणि झेंडू मुंबईला न्यायचे आणि परत यायचं, एवढाच ह्यांचा प्रवास. पण गाडीत पलंग आहे, पलंगाखाली सामानाचा कप्पा, दोन शेगड्या, पाण्याची टाकी, गुलाबाच्या फुलांचे पडदे. पुढच्या आणि मागच्या भागात लाकडी पडदी, तिला पाटीएवढी खिडकी. निफाडच्या वाचनालयात मी दहा वर्षं लोकांना प्रवासवर्णनं काढून दिली. आता म्हटलं, आपलं आपण लिहू.

खोट एकच. मागच्या दाराला आतून कडीच नाही, बाहेरूनच उघडतं. साडी अडकते म्हणून काढून टाकली, नंतर दुसरी बसवतो, असं हे म्हणाले. मी म्हटलं की मला कोंडून ठेवायचा बेत दिसतो. ह्यांना इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं.

मी मनीषा, तेहेतीस वर्षांची. जिभेला हाड नाही म्हणून तीन स्थळं परत गेली, असं दादा चारचौघांत सांगतो. हे बिजवर. पहिली बायको उज्वला दोन वर्षांपूर्वी तापाने गेली. आमच्याकडे बिजवराशी लग्न केलं की गेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालायचा असतो. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईची उठावाची आकृती. नवं लुगडं आधी तिला लावायचं, तोंडात काही घालायच्या आधी तिला दाखवायचं. सासूबाईंनी, कुसाबाईंनी, तो काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधला आणि म्हणाल्या, “आधी तिचा घास, मंग तुझा. खाण्याचं, पिण्याचं, समदं. विसरायचं नाय पोरी. आन् टाक काढायचा नाय.” माझा चेहरा दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, पहिल्या सुनेची आठवण आली असेल.

घरात उज्वलाताईंचा हार घातलेला फोटो आहे. त्यांच्याही गळ्यात काळ्या दोऱ्यात असाच एक टाक दिसतो. कुलदेवीचा आहे, असं हे म्हणाले. माझाही फोटो काढला परवा, देवळाली कॅम्पातल्या स्टुडिओत, शालू नेसवून, एकटीचा. जोडीचा परत आल्यावर काढू म्हणे.

आज गाडी चालवताना हे मोकळेपणाने बोलले. म्हणाले की जायच्या वाटेवर बाई किती गोड असते, परतीला लागली की आंबायला लागते. उज्वलासुद्धा सहलीत फार गोड होती. मी म्हटलं, मी तर घरीच आंबट आहे, तुम्हाला फरक कळायचा नाही.

दादाच्या घरी मला परत जायचं नाही. एवढं एक मनाशी ठरवूनच मी गाडीत चढले. हा संसार मी टिकवणार.

शुक्रवार, ५ डिसेंबर
रेवदंड्याच्या पुढे

समुद्र. सकाळपासून खिडकीत तोच. सुरूच्या बनात गाडी लावली आणि चहा ह्यांनी केला, मला उठूसुद्धा दिलं नाही. बायकोला चहा करून देणारा नवरा मी आमच्या भावकीत तरी पाहिलेला नाही.

पहिला घोट घेणार तोच गळ्यातला दोरा तुटला आणि टाक थेट कपात पडला. दोरा दुहेरी, मेण लावलेला, पाच दिवसांपूर्वीचा. मी म्हटलं, आज चहा दाखवायचा राहिला म्हणून ताईंनी स्वतःच उडी मारली. ह्यांना हसू आलं नाही. टाक काढून घेतला आणि चहा मातीत ओतला. एक कुत्रं येऊन तो चाटून गेलं. दुपारी निघालो तरी ते चाकाशीच पसरलं होतं, हे काठीने ढोसत होते तरी उठेना. शेवटी हातांनी उचलून बाजूला ठेवलं.

दोरा पुन्हा ओवून बांधला. संध्याकाळी दादाला फोन केला, सगळं छान आहे म्हणून सांगितलं. तेच खरं आहे.

रविवार, ७ डिसेंबर
फणसाडच्या जंगलाजवळ

काल दिवसभर झाडी. ऊन खाली पोचतच नाही. शेकरू पाहिलं, लाल, लांब शेपटीचं. मला फार आनंद झाला, ह्यांना माझा आनंद पाहून झाला.

आज सकाळी जाग आली तर दार उघडं होतं. हे ओढ्यावर गेले होते. पलंगापासून दारापर्यंत ओल्या पावलांचे ठसे होते. बाईची पावलं, माझ्याहून लहान, अंगठ्याशेजारचं बोट लांब. दारातून खाली उतरून ती मातीत गेली होती आणि थेट डांबरी रस्त्यापर्यंत पोचली होती. सगळी आतून बाहेर जाणारी. आत येणारं एकही नव्हतं. त्याच वेळी रस्त्यावरून एसटी गेली.

मी अंगठा मापून पाहिला. मग फडक्याने सगळं पुसून काढलं. ह्यांना काही सांगितलं नाही. लग्नाच्या आठव्या दिवशी बायको सवतीची पावलं पाहायला लागली, हे कुणाला सांगायचं?

ताई रात्रभर माझ्या उशाशी बसल्या होत्या की काय, असं वाटून अंगावर काटा आला. नवरा त्यांचा होता, गाडी त्यांची होती, हे मला कळतं. पण मेलेल्या माणसाने जरा सरकून जागा द्यायला नको का?

सोमवार, ८ डिसेंबर
समुद्राकाठी, गावाचं नाव विसरले

आज अक्षर वाईट येईल.

खडकांवर फोटो काढायला गेलो. हे म्हणाले जरा मागे सरक, अजून, त्या सपाट दगडावर उभी राहा, मागे लाटा छान येतील. मी एक पाऊल टाकलं आणि टाक तापला. उन्हाने तापतो तसा नाही, तव्यासारखा. मी ओरडून पाय ओढून घेतला आणि खालीच बसले, चप्पल त्या दगडावर राहिली. तेवढ्यात लाट आली आणि तो सपाट दगड धुऊन गेली. दगडावरची माझी चप्पल दिसलीच नाही पुन्हा.

छातीवर नखाएवढा डाग पडला आहे. त्यात बाईची आकृती, आरशात पाहावी तशी उलटी.

मला फार राग आला. रडूही आलं. भाजल्यामुळे दचकून पाय घसरला असता तर मी त्या लाटेतच गेले असते. तोच तिचा डाव असणार. कपात पडते, पलंगाशी येते, आणि आता जिवावरच उठली. त्या एका चहाशिवाय मी तिचा घास कधी चुकवला नाही, लुगडं आधी तिला लावते, ताई ताई करते, आणि ही माझ्या मुळावर.

हे कॅमेरा मिटून कितीतरी वेळ समुद्राकडे पाहत उभे होते. मला उठायला हात द्यायलाही विसरले, इतके घाबरले बिचारे.

मंगळवार, ९ डिसेंबर
दापोली

खाणावळीतल्या बाईने गाडी ओळखली. पडद्यांवरून. म्हणाली की दोन वर्षांपूर्वी हीच गाडी इथे थांबली होती, तुमच्या घरच्या बाई आत झोपून होत्या, जेवायलाही उतरल्या नाहीत, मी खिडकीतून हाक मारली तरी हलल्या नाहीत.

मी ह्यांना विचारलं. ह्यांचे डोळे भरून आले. म्हणाले की खरं आहे, उज्वलाला ताप इथेच भरला. घरी पोचेपर्यंत ती राहिली नाही. तू घाबरशील म्हणून सांगितलं नव्हतं. मलाच माझी लाज वाटली.

मग मीही सगळं सांगून टाकलं. पावलं, कप, डाग. हे अगदी शांतपणे ऐकत होते. डागावरून बोट फिरवलं. म्हणाले की तिचा स्वभाव जिवंतपणीही असाच होता, मी हसलो तरी तिला सहन व्हायचं नाही. टाक काढून टाक म्हणाले, उद्या खाडी लागेल तिथे सोड, आईला मी काय ते सांगेन.

माझ्या बाजूने असं आजवर कुणी बोललं नव्हतं.

बुधवार, १० डिसेंबर
दाभोळची खाडी ओलांडून

फेरीबोटीवर गाडी चढवली. खाडीच्या मध्यावर आल्यावर दोरा गळ्यातून काढला. टाक मुठीत धरला तर तापला नाही, गार पडला. थरथरत होता असं वाटलं, पण बोटीच्या इंजिनाने सगळंच थरथरत होतं. मनात म्हटलं, ताई, खूप झालं, आता माझा संसार मला करू दे. शेवटचा घासही दाखवला नाही. मुद्दाम.

पाण्यात पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्या बोटीसमोर.

गुरुवार, ११ डिसेंबर
गुहागर

सुखाचा दिवस. कुणाला दाखवायचं नाही, कुणासाठी थांबायचं नाही. मार्गशीर्षातला गुरुवार, म्हणून नारळावर हळदीकुंकू वाहून गाडीतच पूजा केली. वाळूत अनवाणी चाललो. मागे वळून पाहिलं तर पावलं दोघांचीच.

उद्यापासून परतीची वाट. चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढायचा. मी म्हटलं, घरी गेल्यावर आधी दाराला कडी बसवा. परत जायचं म्हटल्यावर ह्यांचा चेहराच उतरला एकदम.

शुक्रवार, १२ डिसेंबर
सकाळी दहा

चिपळूण मागे पडलं. दादाला फोन करायचा होता, ह्यांनी गाडी थांबवली नाही. वर गेल्यावर कर म्हणाले.

घाट लागायच्या आधी ओढ्याशी थांबलो. चहा ह्यांनी केला. कपात काही पडलं नाही. निवांत प्यायले सगळा. जरा कडवट होता.

अकरा असतील

डोकं जड झालं आहे. मागे येऊन पडले. ह्यांनी दार बाहेरून लावून घेतलं. वळणावर उघडतं म्हणाले.

बाम शोधत होते. पलंगाखालच्या कप्प्यात, फळीमागे सोनाराची डबी. उघडली. टाक.

आधी वाटलं खाडीतून परत आला. नाही. हा नवा आहे. दोरासुद्धा ओवलेला नाही. खाली सोनाराची चिठ्ठी, ऑर्डरीची. त्यावर लिहिलंय कै. सौ. मनीषा देवराम. तारीख २६ नोव्हेंबर.

लग्न तीस तारखेला झालं.

टाक गेलेल्या बाईचाच करतात. जिवंत बाईचा कुणी —

तो एकटीचा फोटो. शालूतला. भिंतीवर हार घालून —

उज्वलाच्या गळ्यातला कुलदेवीचा नव्हता. तिच्या आधीचीचा होता. म्हणजे तिच्याही आधी —

हाका मारल्या. पडदीवर मुठी आपटल्या. छोट्या खिडकीतून ह्यांनी वळून पाहिलं. हसले. पहिल्या दिवशी हसले होते तसेच. झोप म्हणाले, गोड दिसतेस अशी.

दार चाचपलं. कडीच्या जागी दोन भोकं. भोकांभोवती लाकडावर ओरखडे आहेत. नखांचे. वरून रंग दिलाय. इतके दिवस मला दिसले नाहीत —

सासूबाईंना माहीत होतं. चेहरा हातात धरून उभ्या राहिल्या आणि सांगितलं काय, तर घास दाखव. एवढंच. पिण्याचंसुद्धा म्हणाल्या होत्या. चहा —

कुत्रं. ते कुत्रं उठलं नव्हतं.

बोटं जड. ओळ खाली जाते.

सकाळच्या भाकरीचा तुकडा मोडला. ताई, हा तुझा. आधी तुझा. कुणापुढे ठेवू? डागावर हात ठेवला. थंड आहे. ती रस्ता दाखवत होती. एसटीपर्यंत. मी फडक्याने पुसला. ती खाडीच्या तळाशी, उपाशी, मी सोडली तिला —

घास ह्या नव्या टाकापुढेच ठेवला आहे. दुसरा आहे कुठे.

ह्यांचं तिसरं — चौथं लग्न होईल. मला ओवतील. मी तिच्या कपात पडेन. तिला भाजेन. आणि ती म्हणेल सवत आहे, मत्सर करते —

वही शेगडीखालच्या पत्र्यामागे सरकवते. बाई गं, जी कोण असशील, टाक काढू नकोस. भाजला तरी काढू नकोस. चहा आधी मला दाखव. दार उघडं दिसलं की पळ. मला तुझा नवरा नको गं, मला फक्त —

गाडी थांबली.

मी ओरडणार आहे. कुणीतरी वरून येत असेल. घाटात गाड्या असतात —

बाहेरून कडी