डिस्क पुसू नकोस

ता. ९ मार्च, गुरुवार

दादा,

नमस्कार झाला असं धरून चाल. मी ठीक. तुझी खुशाली विचारत नाही. माझा नंबर तू ब्लॉक केलास, म्हणून हा कागद लिहून वहिनीला फोटो पाठवतोय. तिच्यावर डाफरू नकोस.

ती म्हणाली, आपल्या पाट्यांच्या वर्कशॉपमध्ये तू नवा कॉम्प्युटर आणलास, जुन्यातली डिस्क त्यात घातलीस, आणि पडदा काळा. आता शनिवारी डिस्क कोरी करून घेणार. वर आप्पांना सांगितलंस, "धाकट्याने जाताना वाट लावून ठेवली."

अरे शहाण्या! त्या डिस्कवर कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स आहे; त्याचा कर्नल म्हणजे यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामधला मुकादम. जुना डबा रखडायचा, म्हणून त्यात जेवढे भाग होते तेवढ्यांचीच ओळख ठेवून मी कर्नल नव्याने घडवला. बाकी सगळं छाटलं. तीन रविवार गेले. तू गिऱ्हाइकांसमोर खिदळलास, "सातवी नापास कर्नलसाहेब!" त्यावर पाट्यांची अक्षरं कापायचा कटर चार वर्षं लोण्यासारखा चालला. आता त्याला परक्या डब्यात नेऊन बसवलंस. तिथलं कोणी त्याच्या ओळखीचं नाही, उठणार कसा? आणि जुना डबा भंगारात दिलास म्हणे. विचारायला जीभ झडली होती?

त्या डिस्कवर आप्पांची अक्षरं आहेत. हात थरथरायला लागण्याआधी ब्रशने काढलेली, मी एकेक स्कॅन केलेली. कागदांचा गळक्या छपराखाली लगदा झाला. दुसरीकडे कुठेही नाहीत.

ऐक. सुरू करताना शिफ्ट दाबून धर. कोणता कर्नल उठवायचा याची यादी येईल. खाली 'जुना' लिहिलंय, ती ओळ निवड. तो मूळचा कर्नल, न छाटलेला. नव्या डब्यातही उठेल. कटरचं नंतर बघ, आधी अक्षरं काढून घे.

यादी आपोआप का येत नाही, हे तू विचारशीलच. मी लपवली. निघायच्या आदल्या दिवशी तू म्हणालास, "तुझ्यावाचून आमचं काही अडत नाही." म्हटलं, अडू दे एकदा. झक मारत फोन करतील. आठ महिने फोनकडे बघतोय. अडलं, आणि तू डिस्क पुसायला निघालास, पण फोन नाही केलास.

आप्पांना हा कागद वाचून दाखव. लपवलेलंसुद्धा. अक्षरं निघाली की मला कळवू नकोस, वहिनी कळवेल.

यादी येईपर्यंत शिफ्ट सोडू नकोस. तुला घाई फार.

तुझा म्हणवत नाही, आप्पांचा
धाकटा