उदयपूरच्या खोलीला झेंडूचा भाव

अमरावती,
कोजागिरीचा दुसरा दिवस

ती. सौ. बेबीताईंना पंचफुलाचा नमस्कार. तुम्ही माझ्या मोठ्या नणंदबाई, म्हणजे पायांवर डोकंच ठेवायला हवं. पण पाय अकोल्याला आणि डोकं अमरावतीला, तेव्हा इथूनच ठेवलं असं समजा. गुडघा आता कसा आहे? आमच्या जावईबुवांची, म्हणजे तुमच्या यजमानांची, साखर किती आहे? (ते सांगतात ती नको, मशीन सांगतं ती कळवा.) इकडे रोहित बरा आहे, त्याची बडनेऱ्याची रेल्वेतली ड्यूटी नेहमीसारखी. आकांक्षा बरी आहे, सुनेसारखी वागत नाही म्हणून जास्तच बरी. दसऱ्याला झेंडू चांगला गेला. मीही ठीक. तुमच्या भावाला जाऊन दोन वर्षं होत आली, तरी माझ्या हातून एक भाकर जास्तच थापली जाते. ती शेजारच्यांच्या गाईला जाते. गाय चांगली भरली आहे.

पत्र कशाला, फोन मेला होता का, असं तुम्ही आत्ता जावईबुवांना म्हणत असाल. फोन जिवंत आहे. पण तुमच्याकडे फोन लावला की तुम्ही तो स्पीकरवर टाकता, मग बोलते मी तुमच्याशी आणि उत्तर देतात जावईबुवा. शिवाय माझं वाक्य संपायच्या आत तुम्ही ‘नाही’ म्हणून मोकळ्या होता. (तुमच्या भावाचीही हीच सवय होती, त्यामुळे मी तुमच्या घराण्याला ओळखून आहे.) गेली दोन वर्षं ‘अमरावतीला या’ एवढं वाक्यसुद्धा मला पुरतं म्हणता आलेलं नाही. कागदाला मधे तोडता येत नाही. तेव्हा चष्मा लावा, पाय वर घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा. मागणं तसं लहान आहे. तुमच्या स्वरालीने पुण्याहून आणलेली ती चाकांची निळी बॅग मला दिवाळीत आठवडाभर हवी आहे. कशाला, ते सांगते.

मला उदयपूरला जायचं आहे.

हे बोलल्यावर घरात सगळ्यांचा आवाज एकदम खाली गेला. आकांक्षाने माझा हात धरून विचारलं, बाबांची राहून गेलेली इच्छा होती का? समोरच्या वकीलबाईंनीही तेच विचारलं, आणि वर डोळे पुसले. ताई, तुम्हाला तर माहीत आहे, तुमच्या भावाला गावाला जायची हौस नावालाही नव्हती. एस.टी.त बसले की त्यांना मळमळायचं, आणि भातकुलीच्या पुढे गेलं की मळ्याला पाणी कोण देईल हे सुरू व्हायचं. ही इच्छा माझी आहे. माणूस गेलं की शेत मागे राहिलेल्याच्या नावावर चढतं आणि मागे राहिलेल्याच्या इच्छा मात्र गेलेल्याच्या नावावर चढतात, हा कुठला कायदा ते वकीलबाईंनाही सांगता आलं नाही.

उदयपूरच का, तर त्याचं कारण आपली रद्दी. मी शाळा चौथीत सोडली आणि पुढचं सगळं शिक्षण आपल्या फुलांच्या दुकानात पुड्या बांधायच्या रद्दीवर केलं. त्यामुळे माझ्या वाचनात सुरुवात असते तर शेवट नसतो आणि शेवट असतो तर कोण मेलं ते कळत नाही. तशाच एका पानावर एका बाईने उदयपूरच्या तळ्याचं लिहिलं होतं. पाण्यातला महाल, घाटाच्या पायऱ्या, कबुतरं, सगळं नीट सांगून तिने लिहिलं होतं, ‘आणि दिवेलागणीला त्या पायऱ्यांवर जाऊन बसलं की’. इथे पान फाटलेलं. उरलेलं कोणाच्या तरी मोगऱ्याबरोबर गेलं. बसलं की काय होतं, ते मला बघायचं आहे. रोहित म्हणाला, नेटवर शोधून देतो. मी म्हटलं, बसायचं मला आहे, नेटला नाही. मग म्हणाला, पाणीच पाहायचं तर इथला वडाळीचा तलाव काय वाईट आहे. तुमच्या भाच्याला वडिलांचं नाक मिळालं आहे आणि प्रवासाची आवडही तेवढीच.

आकांक्षाने मला फोनवर हॉटेलं दाखवली. ताई, एकच खोली, तीच चादर, तोच पडदा, आणि पाच ठिकाणी पाच भाव. त्यातही आधी एक मोठा आकडा लिहितात, मग तो स्वतःच खोडतात आणि बाजूला लहान आकडा लिहितात. आपल्या फुलबाजारात असं कोणी केलं तर गिऱ्हाईक विचारेल, खोडायचाच होता तर लिहिला कशाला? मी मात्र घाबरले नाही. मी विचार केला, खोली म्हणजे झेंडूच. आज विकला गेला नाही तर उद्या त्याचं खत. खोलीही आज रिकामी राहिली तर आजची रात्र उद्या विकता येत नाही, ती सुकली. आणि झेंडूचा नियम आपल्याला कोणी शिकवायला नको. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी लोक भावासाठी भांडतात आणि संध्याकाळी फुकट देतो म्हटलं तरी कोणी पिशवी उघडत नाही. लक्ष्मीपूजनानंतर आपल्याला बाजारात काम नसतं, तेव्हा जायचं तेव्हाच. शिवाय भर दिवाळीत घर सोडून कोण शहाणा माणूस उदयपूरला जाईल? म्हणून मी भाव पडायची वाट बघत बसले. (हे गणित मी आकांक्षाला समजावून सांगितलं तेव्हा ती कोचिंग क्लासच्या ऑफिसात काम करत असूनही गप्प राहिली. हुशार पोरगी आहे, पण भिडस्त.)

भाव पडला नाही. रोज थोडा थोडा चढत गेला. मग लाल अक्षरात आलं, ‘शेवटची एकच खोली.’ मी मनातल्या मनात हसले. आपण नाही का ‘शेवटचे दोनच किलो’ म्हणत, आणि मागे पोतं झाकून ठेवत? शेवटची खोली चार दिवस शेवटची राहिली, माझी खात्री वाढत गेली, आणि पाचव्या दिवशी ती खरंच गेली. मला एवढा राग आला की मी त्या हॉटेलाचा फोटो उलटा करून ठेवला. म्हणजे फोनच पालथा घातला.

आकांक्षाने तेव्हा भीत भीत सांगितलं की आपण सारखं बघतो हे फोनला कळतं, म्हणून तो भाव वाढवतो. हे तिने मला आधीच सांगायला हवं होतं. गरज दिसली की भाव चढतो हे तर भाजीवालीलाही कळतं. त्यावरचा उपायही जुना आहे, पाठ फिरवून चालू लागायचं. म्हणून मी दोन दिवस फोन समोर ठेवून महाबळेश्वरचं कौतुक केलं. थंडी, स्ट्रॉबेरी, घोडे, जे आठवेल ते मोठ्याने बोलले. ‘उदयपुरात आहे काय, नुसतं पाणी’ असंही म्हटलं. त्याचा परिणाम झाला, नाही असं नाही. रोहितच्या फोनवर स्ट्रॉबेरीच्या सरबताच्या जाहिराती येऊ लागल्या. उदयपूर जागचं हललं नाही.

मग जावईबुवांचा सल्ला आठवला (बघा, मी ऐकते त्यांचं) की प्रत्येक गावात स्वस्त धर्मशाळा असते. एका ठिकाणी फोन केला. तिथले गृहस्थ म्हणाले, एकट्या बाईला खोली देत नाही, नियम आहे. मी माझं वय सांगितलं. ते म्हणाले, नियमात वय लिहिलेलं नाही. मी विचारलं, माझ्यापासून कोणाला धोका आहे ते तरी सांगा. त्यांनी फोन ठेवून दिला.

शेवटी एका लहान हॉटेलाचा नंबर सापडला, तिथल्या माणसाशी मी सरळ बोलले. माझं हिंदी तुम्हाला ठाऊकच आहे, त्यात वऱ्हाडी जास्त आणि हिंदी चवीपुरतं. पण त्याला कळलं. त्यानेच सांगितलं की लक्ष्मीपूजन झालं की अर्धा गुजरात दुकानाला कुलूप लावून उदयपुरात उतरतो, वर्षाचा सगळ्यात महाग आठवडा तोच. म्हणजे झेंडू जिथे संपतो तिथे यांची खोली सुरू होते. आता काय बोलणार. मी विचारलं, सगळ्यात हलकी खोली कुठली? तो म्हणाला, तळं न दिसणारी. ताई, तिथे तळं दिसण्याचे पैसे वेगळे आहेत. मी म्हटलं, तळं मी खाली उतरून बघेन, खोलीत डोळे मिटून झोपायचं आहे. मग मागच्या बाजूची, समोरच्यांची वाळत घातलेली कापडं दिसणारी खोली ठरली. घासाघीस करता करता मी विचारलं, दाराला तोरण कशाचं लावता? त्याने अभिमानाने सांगितलं, प्लास्टिकचं, तीन वर्षं एकच आहे. मी मनातल्या मनात त्याला माफ केलं आणि भाव आणखी कमी करायला लावला.

मग मी म्हटलं, हा भाव झाला दोघांचा, मी एकटी आहे, अर्धी जुडी घेतली तर अर्धेच पैसे. तो म्हणाला, “माताजी, खाट तो पूरी बिछानी पड़ती है।” त्याचंही बरोबर आहे. मग नाव लिहून घेतलं आणि विचारलं, साहेबांचं नाव? मी म्हटलं, साहेब नाहीत. त्याला वाटलं, कामात असतील. म्हणाला, “कोई बात नहीं, साहब बाद में आ गए तो भी एक पैसा एक्स्ट्रा नहीं लगेगा।” इतक्या चांगल्या मनाने म्हणाला, ताई, की मला त्याची चूक दुरुस्त करवली नाही. मी ‘ठीक है’ म्हटलं. फोन ठेवल्यावर हातात घेतलेला शेवंतीचा हार गुंफत बसले. गिऱ्हाईकाने सांगितला होता त्याच्यापेक्षा तो बराच लांब झाला.

त्या दिवशी रोहित जेवताना म्हणाला, “आई, एकटी कायले जाऊन राहिली तू? पुढच्या वर्षी आमी नेतो ना.” त्याचं मन खरं आहे, सुट्टी खोटी आहे. तरी भाव कमी करायला एवढी झटले आणि अर्धी खाट रिकामी नेणार, हे मलाही लागून राहिलं होतं.

गेल्या भाऊबीजेला तुम्ही फोनवर म्हणालात, “आता कोनाकडे येऊ वं मी? भाऊच नाही, तं माहेर कायचं?” वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. पण तुमचं मला कळतं. दारातून आत आलं की समोर त्यांची खाट दिसते. मी रोज बघते म्हणून मला सवय झाली. सवय म्हणजे काय, तर आता मी तिच्यावर फुलांच्या टोपल्या ठेवते.

असो. गाडी अकोल्यावरूनच पुढे जाते, तेव्हा बॅग घ्यायला मी स्टेशनावर उतरणार नाही, तुम्हीच फलाटावर आणून द्यावी. तुमच्या नातीला, अवनीला पापा. जावईबुवांना नमस्कार, आणि हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची गरज नाही, ते तुमच्या खांद्यावरून वाचतच असतील.

तुमची,
पंचफुला

ता.क. पैसे भरायच्या आधी मी त्या माणसाला परत फोन करून खोलीत दोन बायका लिहायला लावल्या. दुसऱ्या तुम्ही. रद्द केलं तर पैसे परत मिळतील असाही एक भाव होता, तो मुद्दामच घेतला नाही. गाडीची तिकिटंही रोहितने दोन काढली आहेत, दोन्ही खालच्या बर्थची, तुमच्या गुडघ्यामुळे. गाडी भाऊबीजेच्या सकाळची आहे. घरी राहिलो तर आपण दोघी त्या दिवशी काय करणार ते मला माहीत आहे. दोन गावांत दोन फोनजवळ बसून राहू आणि लावणार कोणीच नाही.

ता.क. दुसरा. अमरावतीला या असं मी आता म्हणत नाही. इथे प्रत्येक कोपऱ्यात ते नाहीत. उदयपुरात ते आधीही कधी नव्हते, त्यामुळे तिथे ते नाहीत असं काही दिसणार नाही. माहेर घराला असतं की माणसाला, हे मी अजून कुठल्याही पानावर पुरतं वाचलेलं नाही. माणसाला असेल तर तुमच्याकडे मी एक आहे, थोडी जुनी, पण आहे.

ता.क. तिसरा आणि खरा. तो हॉटेलवाला म्हणाला, दुसऱ्या माताजींचं आधार कार्डावरचं पूर्ण नाव सांगा. मी म्हटलं, बेबीताई. तो म्हणाला, वो तो ठीक है, नाम? तेव्हा लक्षात आलं की एवढ्या वर्षांत मला तुमचं नावच माहीत नाही. रोहितला विचारलं, त्याने ‘बेबीआत्या’ असं छातीठोक सांगितलं; गाडीच्या तिकिटावरही त्याने ‘बेबी’ एवढंच लिहिलं आहे. तुमच्या भावाला विचारलं असतं, पण खरं सांगू, त्यांनाही माहीत असेल असं मला वाटत नाही. तेव्हा बाकी काही कळवलं नाही तरी चालेल, नाव तेवढं कळवा. मी त्याला सांगून ठेवलं आहे, तेवढी जागा कोरी ठेवा, नाव येऊन राहिलं आहे.