हळदी रंगाच्या खिडक्या

अण्णा,

तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. एवढ्या काळात मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळ बोलले, भाजी निवडताना, एसटीत खिडकीशी बसल्यावर, पण कागद कधी घेतला नव्हता. आज सकाळी घेतला. घरात मुलं नाहीत, पाळणाघर पंधरा दिवसांपासून बंद आहे, आणि इतक्या शांततेची मला सवय राहिलेली नाही.

नांदेडचं हे घर बांधून झालं तेव्हा तुम्ही लातूरहून आलात ते आठवतंय का? एका पोत्यात ऑइलपेंटचे डबे, पिशवीत ब्रश, आणि फडक्यात बांधलेल्या आईच्या हातच्या भाकरी. लेकीच्या घरी फार दिवस राहायचं नाही म्हणून सात खिडक्या आणि पाच दारं तुम्ही चार दिवसांत उरकलीत. जेवायलासुद्धा आत आला नाहीत, पायरीवर बसून स्वतःची शिदोरी खाल्लीत, आणि माझ्याकडचं फक्त ताक घेतलंत. रंग पाहून मी जराशी नाराज झाले होते. इतका पिवळा! मला आमच्या मिशनच्या शाळेतल्या चॅपलच्या दारांसारखा फिका, सायीचा रंग हवा होता. तुम्ही ब्रश न थांबवता म्हणालात, "हळदी हाय ह्यो, माय. लेकरं खेळायची घरात, उजळ नको का? तीन हात मारलेत. वीस वर्सं हलत न्हाई बघ." रंगाच्या प्रत्येक थराला तुम्ही हात म्हणायचात, मला तो शब्द फार आवडायचा. वीस नाही, तीसहून जास्त वर्षं हलला नाही तो.

आमची मुलं त्या खिडक्यांच्या गजांना धरून उभी राहायला शिकली. ती मोठी होऊन पुण्याला गेली, तेव्हा घर रिकामं वाटायला लागलं आणि मी पाळणाघर सुरू केलं. आठ-नऊ मुलं असतात. शिक्षिका, नर्स, बँकेतल्या मुली सकाळी आणून सोडतात, संध्याकाळी नेतात. सगळ्या मला काकू म्हणतात. शाळेत सिस्टरांनी जे वळण लावलं तेच मी या मुलांना लावते. चपला ओळीत, डबा खाण्याआधी हात जोडायचे, आणि फरशी कायम कोरडी. ओल्या फरशीवर पहिलीत असताना मी पडले होते आणि माझा दात तुटला होता, ते तुम्हाला माहीतच आहे. शाळेचे बाक रंगवायला तुम्ही आला होतात, त्या दिवसाची गोष्ट. तुम्हीच उचलून नेलंत मला. म्हणून माझ्या पाळणाघरात पाणी सांडलं की मी आधी फडकं आणते, मग रागावते.

यंदा दसऱ्याच्या आधी खिडक्यांचे पापुद्रे निघायला लागले. रंगारी बोलावला, पन्नाशीतला, शांत माणूस. त्यानं पॉलिशपेपर काढला आणि विचारलं, "बाई, पाणी मारून घासू का कोरडंच?" मी म्हणाले, कोरडंच घासा, मुलं घसरतील. अण्णा, हे मी म्हणाले. तुमची मुलगी. मे महिन्याच्या सुट्टीत शाळेच्या बाकांवर मी एकदा कोरडा पॉलिशपेपर घासत होते, तेव्हा तुम्ही माझं मनगट धरून थांबवलं होतंत. "पाण्याबिगर हात लावायचा न्हाई. धूळ उडती." जन्मात एवढ्या जोरात तुम्ही मला एकदाच बोललात. मला वाटायचं, ओल्या रंगावर धूळ बसून काम बिघडतं, म्हणून तसं म्हणालात. तुम्हाला काही माहीत होतं का, की नुसती हाताला लागलेली सवय होती? दोन दिवस रंगारी घासत होता. मुलं आतल्या खोलीत झोपायची, मी दार लावून घेत होते. दाराखालून पिवळी भुकटी आत यायची, हळद सांडल्यासारखी. ती मी केरसुणीनं झाडत होते, दिवसातून तीनदा. स्वच्छतेचं मला फार.

आमच्याकडे अडीच वर्षांची एक मुलगी आहे. तिची आई अर्धापूरच्या शाळेत शिकवते, सकाळची बस गाठायची म्हणून लेकीला फाटकाशीच माझ्या कडेवर देते. ही मुलगी फार बोलकी. दार उघड म्हणायला "काकू, दाल", पाणी हवं असलं की "पानी दे, पानी दे" करत माझ्या पदराला लोंबकळायची. आतल्या दारापाशीच तिची गादी असते, तिला उघडझाप बघायला आवडते म्हणून. दसऱ्यानंतर ती चिडचिडी झाली. पोट धरून रडायची, डबा परत जायचा. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग लोहाचं. दिवाळी झाली आणि तिचे शब्द कमी व्हायला लागले. पाणी हवं असलं की नुसतं बोट दाखवायची. मी वाकून म्हणायची, म्हण बाळा, पाणी दे. ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची, जणू मीच काहीतरी विसरले आहे.

दुसऱ्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्त हैदराबादला पाठवलं. रक्तात शिसं निघालं. जुन्या ऑइलपेंटमध्ये असतं, त्यातही पिवळ्यात आणि लालमध्ये जास्त, असं त्यांनी सांगितलं. लहान मुलांच्या मेंदूला ते सोसत नाही. मी मुलीच्या आईबरोबर गेले होते. तिनं विचारलं, बोलायला लागेल ना परत? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शिसं हळूहळू उतरेल, पण झालेल्या नुकसानातलं किती भरून येईल ते आज सांगता येत नाही.

रिक्षात परत येताना मला तुमचा उजवा हात दिसत होता. शेवटच्या दोन वर्षांत मनगट पडलं होतं तुमचं, ब्रश धरला की खाली लोंबायचं. त्याआधी कित्येक वर्षं पोटात कळा यायच्या. आई नजर काढायची, लातूरचे वैद्य वात म्हणायचे. दुकानांच्या पाट्या लिहिताना ब्रशचं टोक तुम्ही ओठात धरून बारीक करायचात, आणि मी विचारलं की डोळे मिचकावून सांगायचात, "गोड लागतंय." मला ती थट्टा वाटायची. ते खरंच गोड लागतं म्हणे अण्णा, म्हणून तर मुलं चाटतात. तुमचं ते दुखणं यामुळेच होतं असं मी कशाच्या जोरावर म्हणू? आता कुणाचं रक्त कुठे पाठवणार?

मग मी सरकारी ऑफिसांत फिरले. पाळणाघरं तपासायला पूर्वी एकदा एक बाई येऊन गेल्या होत्या. त्यांनी स्वयंपाकघर बघितलं, संडास बघितला, आग विझवायचं नळकांडं कुठे आहे ते विचारलं. खिडकीला टेकूनच त्यांनी फॉर्म भरला होता. या वेळी मी स्वतः गेले, या टेबलावरून त्या टेबलावर. शेवटच्या टेबलावरचे गृहस्थ भले होते, बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, नियम डब्याला हाय. खिडकीला न्हाई," ते म्हणाले. नव्या रंगात शिसं किती चालतं ते ठरलेलं आहे, डब्यावर छापावं लागतं. पण आधीच लागलेल्या रंगाचं कुणाकडेच नाही.

मी विचारलं, मग खिडकी कुणाच्या अखत्यारीत येते?

"घरमालकाच्या."

"घरमालक मीच आहे."

"मग तक्रार कुणाच्या इरोधात करून राहिल्या तुम्ही?" असं म्हणून ते हसले. वाईट हसले नाहीत. चहा मागवला. त्यांच्या मागच्या खिडकीचे हिरवे पापुद्रे फायलींवर पडले होते, ते त्यांनी बोलता बोलता फुंकून टाकले.

बाकीच्या मुलांची रक्तं तपासून घ्या म्हणून मी प्रत्येकीला फोन केला. दोघींनी तपासली, ठीक निघाली. एक म्हणाली, "काकू, आपण सगळे रंगाच्याच घरात वाढलो की. काय झालं आपल्याला?" एकीचा प्रश्न फक्त एवढाच, बंद किती दिवस ठेवणार, माझी रजा संपली. तिनं मूल दुसऱ्या पाळणाघरात घातलं. ते घर मी पाहिलंय, माझ्या घरापेक्षा जुनं आहे, दारं तांबडी लाल. मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग मी करू काय ते सांगा.

परवा त्या मुलीची आई आली होती. लेक कडेवर होती, गप्प. खिडक्यांना आता नवा रंग आहे, सायीचा, मला तेव्हा हवा होता तसा. आईनं त्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "काकू, हा नवा रंग दिला तेव्हापासूनच सुरू झालं ना हे?" अण्णा, मी लगबगीनं आत गेले आणि रंगाचा रिकामा डबा घेऊन आले. त्यावर छापलेलं तिला वाचून दाखवलं. यात शिसं नाही बघ, सरकारी नियमच आहे. आणि मग म्हणाले, जुना रंग माझ्या वडिलांनी लावला होता, त्यात असणार, कधीतरी चाटला असेल तिनं. तिनं लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "जाऊ द्या काकू, त्यांना तरी काय माहीत. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका." जाताना माझ्या पाया पडली.

जुना रंग निघाला कसा, हे तिनं विचारलं नाही. ती दिवसभर अर्धापूरला असते, तिला घासण्यातलं काय ठाऊक? दोन दिवस तिची लेक दाराआड झोपलेली असताना तो कोरडा घासला गेला, माझ्या सांगण्यावरून, आणि ती भुकटी मी तिच्या उशाशी झाडली, हे मी सांगितलं नाही. सांगून मुलीचा एक शब्दही परत येणार नाही, असं मी स्वतःला समजावते. तेही खरंच आहे.

हे पत्र कुठे जायचं नाही, तुम्हाला पत्ता नाही. पण खरं सांगायचं तर सकाळी मी तुम्हाला लिहायला बसलेच नव्हते. त्या मुलीच्या आईला लिहायला बसले होते. वर तिचं नाव घालायला हात होईना, म्हणून अण्णा लिहिलं.